उभ्या सैनिकाचा पाय दगडावर: मिनिएचरची पोझ बदलण्याची साधनं आणि रीत

टेबलावर लढाई खेळायच्या इवल्याशा पुतळ्यांच्या, म्हणजे मिनिएचरच्या, एका खोक्यातून दहा सैनिक निघतात आणि त्यातले चार-पाच अगदी एकसारखे असतात: तोच पाय पुढे, तीच बंदूक छातीशी. टेबलावर मांडले की लढाईऐवजी कवायत चालल्यासारखं दिसतं. पोझ बदलायची खाज इथे सुरू होते, आणि नवखा माणूस लगेच साधनांची लांबलचक यादी शोधायला बसतो. साधनं थोडीच लागतात. डोकं चालवायचं ते कुठे कापायचं यावर, आणि ते ठरतं दोन गोष्टींवरून: मॉडेल कशाचं बनलंय, आणि त्या जागी खऱ्या माणसाचं शरीर पिळतं की वाकतं.

हा पिळण्या-वाकण्यातला फरक आधी डोक्यात बसवा, कारण अर्धं काम त्यातच आहे. मान, कंबर, मनगट आडवं कापलं आणि वरचा भाग जागच्या जागी फिरवला, तर दोन्ही सपाट पृष्ठभाग एकमेकांना चिकटूनच राहतात. फट पडत नाही, भरायला काही लागत नाही. गुडघा किंवा कोपर वाकवायचं म्हटलं की एका बाजूने पाचर काढावी लागते आणि दुसऱ्या बाजूला उघडलेली भेग भरावी लागते. थोडक्यात, पिळणं फुकट आणि वाकवणं महाग. पहिल्या चार-पाच मॉडेलवर फक्त पिळण्याचे बदल करा. डोकं ३० अंश एका बाजूला आणि कंबर १५ अंश दुसऱ्या बाजूला, एवढ्यानेही तोच सैनिक वेगळा माणूस दिसतो.

आधी मटेरियल ओळखा

चौकटीला, म्हणजे स्प्रूला, जोडलेले करड्या रंगाचे भाग असतील तर ते बहुतेक हार्ड प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरिन. खात्री करायची तर न दिसणाऱ्या कोपऱ्यावर प्लास्टिक सिमेंटचा, म्हणजे प्लास्टिक जोडायच्या गोंदाचा, एक थेंब लावा. पृष्ठभाग चकाकून चिकट झाला तर पॉलिस्टायरिन. नवख्यासाठी याच्यासारखं दुसरं मटेरियल नाही: सहज कापतं, सहज घासलं जातं, आणि सिमेंट त्याला नुसतं चिकटवत नाही तर दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं. जोड वाळला की तो मूळ प्लास्टिकइतकाच भक्कम.

रेझिन, मग ते ओतीव असो वा थ्रीडी प्रिंटरमधून निघालेलं, या सिमेंटला दाद देत नाही. त्याला सुपरग्लू हवा. ओतीव रेझिनची वाकडी झालेली तलवार गरम पाण्यात धरून सरळ करता येते. प्रिंटेड रेझिन त्यामानाने ठिसूळ असतं, बारीक मनगटात भोक पाडताना तडकन फुटतं. दोन्हींची धूळ छातीत जाऊ देऊ नये. घासायचं ते पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने, आणि तोंडावर कापडी रुमाल नव्हे, धुळीसाठीचा एन९५ किंवा एफएफपी२ मास्क.

धातूचं मॉडेल हातात घेतलं की वजनावरूनच कळतं. ते थंडच वाकवायचं, सावकाश, एकदाच. मागे-पुढे केलं तर तिसऱ्या खेपेला हात तुटून हातात येतो. पकडीच्या जबड्यांना मास्किंग टेप गुंडाळा, नाहीतर दातांचे ठसे उमटतात. जुन्या धातूच्या मॉडेलमध्ये शिसं असू शकतं, म्हणून घासून झाल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

उरलं बोर्डगेममधलं लवचिक पीव्हीसी. दाबलं की वाकतं, सोडलं की परत येतं. नुकत्याच उकळलेल्या पाण्यात २० ते ३० सेकंद चिमट्याने धरा, हव्या त्या कोनात वाकवा, आणि तसंच धरून थंड पाण्यात बुडवा. हीच युक्ती हार्ड प्लास्टिकवर करू नका. पॉलिस्टायरिन साधारण १०० अंश सेल्सिअसजवळ नरम पडतं, म्हणजे पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या अगदी काठावर. पाण्यात ते धड वाकत नाही, आणि हेअर ड्रायर किंवा मेणबत्तीवर धरलं तर वाकायच्या आधी चेहरा वितळतो.

काय घ्यायचं, काय नाही

चाकू: नंबर ११च्या टोकदार पात्यांचा हॉबी नाइफ पुरतो. नंबर ३च्या दांड्याचं स्कॅल्पेल जास्त पातळ आणि धारदार असतं, पण पात्याचं टोक आडवं रेटलं की मोडून उडतं. सुरुवातीला जाड पात्याचा हॉबी नाइफ बरा. पातं बोथट झालं की बदला. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, आणि हात सटकतो तो त्या जोरामुळे. वापरलेली पाती झाकणाला चीर पाडलेल्या एखाद्या डब्यात टाका.

निपर: स्प्रूवरून भाग सोडवण्यासाठी. सपाट बाजू मॉडेलकडे ठेवा आणि भागापासून २ मिमी लांब कापा, उरलेला खुंट चाकूने तासा. या निपरने तार कधीच कापू नका. पितळी तारेचा एक तुकडा कापला तरी धारेला खाच पडते आणि पुढे प्रत्येक प्लास्टिकच्या कापावर ती खाच उमटते. तारेसाठी वेगळी जुनी पक्कड ठेवा.

रेझर सॉ, म्हणजे पातळ पात्याची करवत: नवखे हमखास वगळतात ते हे साधन, आणि मग पस्तावतात. चाकू प्लास्टिक कापत नाही, तो पाचरीसारखा आत शिरून ते दोन्ही बाजूंना ढकलतो. पातळ भागात हे चालतं, पण ४ मिमी जाडीच्या मांडीत अर्ध्यावर गेल्यावर प्लास्टिक पांढरं पडतं, कापाच्या कडा फुगतात आणि शेवटी तुकडा टणकन उडून पलंगाखाली जातो. बारीक दातांची रेझर सॉ ०.२ ते ०.३ मिमीचा भुगा काढते, पण कडा सरळ आणि सपाट ठेवते. एवढं मटेरियल जातं हे लक्षात ठेवा, दोन काप जवळजवळ असतील तर अर्धा मिलिमीटर गायब झालेला असतो.

पिन व्हाइस: हाताने फिरवायचा छोटा ड्रिल, सोबत ०.८ आणि १ मिमीच्या ड्रिल बिट. पिनेसाठी, म्हणजे जोड पक्का करायला दोन्ही तुकड्यांत आतून खोचायच्या तुकड्यासाठी, ०.८ मिमीची पितळी तार. पेपरक्लिपही चालते, पण पोलादी असल्याने कापायला आणि बारीक कोनात वाकवायला त्रास देते.

याशिवाय: नीडल फाइलचा एक संच (चपटी, गोल आणि तिकोनी कानस पुरे), ४००, ६०० आणि १०००चा पॉलिश पेपर, कटिंग मॅट, ब्रश असलेलं पातळ प्लास्टिक सिमेंट, जेल सुपरग्लू, तात्पुरतं चिकटवायला ब्लू टॅक, आणि इपॉक्सी पुट्टी, म्हणजे दोन भाग मळले की वाळून कडक होणारा लगदा.

मोटरवर चालणारा ग्राइंडर घ्यायचा मोह टाळा. त्याच्या वेगाने पॉलिस्टायरिन घासलं जात नाही, वितळतं, आणि वितळलेला गोळा बिटला गुंडाळून अर्धा खांदा उचकटून नेतो. बारा तुकड्यांचे शिल्पकामाच्या हत्यारांचे संचही तसेच: त्यातली दोन वापरली जातात. एक बोथट पानासारखं धातूचं टोक आणि एक रबरी टोकाचा क्ले शेपर, एवढ्यावर वर्षभर निघतं.

पोझ आधी स्वतःच्या अंगावर करून बघा

आरशासमोर उभं राहून ती पोझ घ्या. वेडगळ वाटेल, पण बंदूक खांद्याला लावताना कोपर कुठे जातं, पाय उचलल्यावर धड किती झुकतं, हे असं पटकन कळतं. मग कागदावर काड्यांचा माणूस काढा: कण्याची एक रेघ, खांद्यांची एक, कमरेची एक. खांदे आणि कंबर समांतर असतील तर माणूस खांबासारखा दिसतो.

दुसरी तपासणी ओळंब्याची. गळ्याच्या खाचेतून खाली एक सरळ रेघ सोडा. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल तर ही रेघ त्या पायाच्या पावलावर पडली पाहिजे, दोन्ही पायांवर भार असेल तर दोन पावलांच्या मध्ये. ती बाहेर पडली तर मॉडेल पडतंय असं वाटणार. धावणाऱ्या किंवा उडी मारणाऱ्या सैनिकात ती मुद्दाम पुढे न्यायची असते, पण उभ्या सैनिकात नाही. डोळ्याला काहीतरी खटकतंय पण काय ते सांगता येत नाही, अशा पोझमध्ये दहातल्या आठ वेळा हाच ओळंबा चुकलेला असतो.

एक पोझ सविस्तर: उजवा पाय दगडावर

हार्ड प्लास्टिकचा सरळ उभा सैनिक घेऊ. दोन्ही पाय एकाच तुकड्यात, धड, हात आणि डोकं वेगळे. डावा पाय तसाच ठेवून उजवा दगडावर ठेवायचा आहे. पहिल्या खऱ्या सरावासाठी ही पोझ चांगली, कारण यात पिळणंही येतं, वाकवणंही येतं, आणि थोडीफार चूक दगड झाकून घेतो.

मापं घ्या. समजा खुब्यापासून गुडघ्यापर्यंत मांडी ७ मिमी आणि गुडघ्यापासून तळव्यापर्यंत ८ मिमी आहे. मांडी पुढे ५० अंश उचलायची आणि नडगी मात्र अगदी उभी, ओळंब्यात ठेवायची. नडगी उभी ठेवण्याचा फायदा असा की पाऊल आपोआप सपाट राहतं आणि घोटा कापावाच लागत नाही. आता हिशोब करा: पाऊल फक्त २.५ मिमी वर जातं आणि साधारण ५.४ मिमी पुढे. दगड अडीच मिलिमीटरचाच हवा! मांडी ७५ अंश उचलली तरी उंची ५ मिमीच्या आसपासच राहते, आणि ७ मिमीला मांडी जमिनीला समांतर होते. नवखे सहसा ८-१० मिमीचा खडक आधी चिकटवतात, मग पाय पोचत नाही म्हणून मांडी लांबवतात, आणि सैनिकाचा टोळ होतो. दगड पायाच्या मापाने निवडायचा.

कापायच्या आधी मोल्ड लाइन, म्हणजे साच्याच्या दोन अर्ध्यांची जोडरेघ, पात्याच्या पाठीने खरवडून काढा. अखंड भाग बोटांत नीट धरता येतो. कापल्यावर ७ मिमीची मांडी धरून खरवडणं म्हणजे शिक्षा.

आता खुबा. मांडी पुढे उचलली जाते तेव्हा पाय खुब्याच्या आडव्या आसाभोवती चाकासारखा फिरतो. मग कापही चाकाच्या पृष्ठासारखाच हवा: जांघेतून सरळ वर, पुढून मागे जाणाऱ्या उभ्या पातळीत. दुसरा काप पट्ट्याच्या लगेच खाली, बाहेरून आडवा. दोन्ही काप भेटले की पाय कुल्ल्याच्या बाहेरच्या भागासकट सुटतो. आता तो त्या उभ्या पृष्ठावर फिरवून बघा, कितीही अंश उचला, आतल्या बाजूला फट पडत नाही. मांडीचा वरचा पुढचा कोपरा मात्र पट्ट्याला अडेल. तो कानशीने गोल करा. मागे, कुल्ल्याच्या वर, छोटी पोकळी दिसेल, ती पुट्टीने भरायची किंवा तिथे किटमधली एखादी पाऊच, म्हणजे पट्ट्याला अडकवायची छोटी पिशवी, लावून द्यायची. पाऊच लावण्यात लबाडी काही नाही. पट्टे, पाऊच, गुडघ्याचे पॅड, झग्याच्या कडा या जोड लपवण्याच्या हक्काच्या जागा.

हाच काप मांडीच्या मधोमध आडवा घेतला असता तर ५० अंशांची पाचर काढावी लागली असती आणि मांडी आखूड झाली असती. बहुतेक लोक नेमकं तेच करतात, कारण आडवं कापणं सोपं दिसतं.

गुडघ्यात मात्र पाचरीला पर्याय नाही. मांडी ५० अंश पुढे आणि नडगी उभी, म्हणजे गुडघाही ५० अंशच वाकणार. गुडघा ४ मिमी जाड धरला आणि बिजागरी पुढच्या कातडीवर ठेवली, तर मागून जवळजवळ ३.७ मिमीची पाचर निघते. पोटरी आणि मांडी दोन्ही खाऊन टाकणारं माप आहे हे. त्याऐवजी बिजागरी जाडीच्या मध्यावर ठेवा: मागून फक्त २ मिमी खोल आणि १.९ मिमी रुंद पाचर काढा, मग पूर्ण कापून दोन तुकडे वेगळे करा. वाकवल्यावर मागची पाचर मिटेल आणि पुढे तेवढीच भेग उघडेल. ती पुट्टीने भरून त्यावर गुडघ्याची वाटी घडवायची. खऱ्या गुडघ्यातही वाकल्यावर पुढची बाजू लांबते आणि मागची मिटते, त्यामुळे हे दिसायलाही बरोबर दिसतं, पायाची लांबीही शाबूत राहते.

पाचर एकदम पूर्ण मापाची काढू नका. १.५ मिमी काढा, वाकवून बघा, मग तिकोनी कानशीने उरलेली वाढवा. जास्त गेलेलं परत लावता येत नाही.

पिना लावायची वेळ आली. मांडीत खुब्याकडून आणि गुडघ्याकडून अशी दोन भोकं येणार, आणि मांडी ७ मिमीचीच आहे, म्हणून प्रत्येक भोक ३ मिमीच खोल. ड्रिल बिटवर त्या मापाला टेपची छोटी पट्टी लावली की खोली चुकत नाही. भोकं समोरासमोर येण्यासाठी एका बाजूला पात्याच्या टोकाने मध्यबिंदू टोचून भोक पाडा, त्याच्या तोंडावर ओल्या रंगाचा ठिपका ठेवा आणि दुसरा तुकडा हव्या त्या कोनात टेकवा. ठिपका उमटेल तिथे दुसरं भोक. तार ०.८ मिमीची असली तरी भोक १ मिमीचं पाडावं, तेवढा वाव कोन सुधारायला उपयोगी पडतो. ड्रिल जोराने दाबू नका, दोन वळसे पुढे, एक मागे, असा भुगा काढत जा.

गुडघ्याच्या पिनेला ग्लू लावायची घाई करू नका. तार दोन्हीकडे नुसती खोचून हाताने वाकवा. आता पाय तारेच्या सांगाड्यासारखा हवा तसा ठेवता येतो. खुब्याला आणि तळव्याखाली ब्लू टॅक लावून सगळं मॉडेल बेसवर, म्हणजे पायाखालच्या चकतीवर, दगडासकट उभं करा, धड बसवा, डोकं बसवा. हातभर अंतरावरून बघा, मोबाइलने फोटो काढा. फोटोत चूक जास्त चटकन दिसते. पाऊल दगडावर पूर्ण टेकलंय का, गुडघा आत किंवा बाहेर गेलाय का, तपासा. गुडघा आणि पायाचा अंगठा एकाच दिशेला असायला हवेत.

मग चिकटवा, या क्रमाने: आधी डावा पाय बेसला, मग उजवा खुबा सिमेंटने, आणि खुबा ओला असतानाच पाऊल दगडावर टेकवून कोन पक्का करा. खुब्यात प्लास्टिकला प्लास्टिक भिडतं म्हणून सिमेंट उत्तम. गुडघ्यात स्पर्श फक्त मध्याच्या एका रेघेचा आहे आणि पीन धातूची, तिथे सुपरग्लूच. सिमेंट धातूला धरत नाही. तळव्यातून दगडात एक पीन टाकलीत तर पुढे हाताळताना घोट्यावर ताण येत नाही.

यानंतर २४ तास हात लावू नका. सिमेंटचा जोड मिनिटभरात धरतो, पण आतलं विरघळलेलं प्लास्टिक तासन्‌तास मऊ असतं. लगेच कानस चालवली तर ते घासलं न जाता ओढलं जातं.

धडाचं काम उरलं. पाय वर ठेवणारा माणूस किंचित पुढे झुकतो. धडाच्या तळाची पुढून मागे जाडी ५ मिमी असेल तर पुढच्या कडेला ०.७ मिमी उतार घासला की धड ८ अंश झुकतं. एवढं बास. मग कंबर डावीकडे थोडी पिळा आणि डोकं परत मागे उचलून नजर क्षितिजावर आणा. झुकलेल्या धडासोबत डोकंही झुकलेलं राहिलं तर सैनिक शत्रूकडे नव्हे, बुटाची नाडी बघतोय असं वाटतं.

पुट्टी: कधी कोणती

ग्रीन स्टफ, म्हणजे निळी-पिवळी नीडटाइट पुट्टी, चिवट आणि किंचित रबरी असते. कापडाच्या घड्या, पट्टे, केस यांना ती हवी. पट्टीच्या रूपात मिळते तिच्यात निळा आणि पिवळा एकमेकांना टेकलेले असतात, आणि त्या मधल्या रेघेवर पुट्टी आधीच कडक झालेली असते. ती साधारण २ मिमीची रेघ कापून फेका, नाहीतर मळलेल्या गोळ्यात कण राहतात आणि गुळगुळीत गालावर खडे दिसतात. निळा जास्त घेतला तर पुट्टी जास्त कडक वाळते, पिवळा जास्त घेतला तर मऊ आणि चिकट राहते. एकसारखा हिरवा रंग येईपर्यंत मळा, पट्टे दिसत असतील तर तिथे ती कधीच नीट वाळणार नाही. साधारण दीड तासापर्यंत ती घडवता येते, पूर्ण कडक व्हायला एक दिवस धरा.

मिलिपुट दोन कांड्यांची, समान भाग मळायची. ती पाण्याने गुळगुळीत होते आणि वाळल्यावर छान घासता येते, म्हणून चिलखत, दगड आणि मोठ्या फटींसाठी. पातळ कडा मात्र फुटतात. ग्रीन स्टफ घासायला गेलात तर तिचे रबरासारखे लोळे निघतात. चिवटपणाही हवा आणि घासताही यायला हवी, तर दोन्ही मळलेल्या पुट्ट्या निम्म्या-निम्म्या एकत्र करा. अनुभवी लोक बरंचसं काम या मिश्रणातच करतात.

आपल्या सैनिकाचा गुडघा दोन थरांत भरायचा. पहिल्या दिवशी भेगेत मोहरीएवढा गोळा दाबून भरा, पृष्ठभागाच्या अर्धा मिलिमीटर खालीच थांबा, वाळू द्या. दुसऱ्या दिवशी त्यावर पातळ थर देऊन कापड घडवा. एकाच बैठकीत सगळं भरलं तर पुढून गुडघ्याची वाटी दाबताना मागच्या बाजूने पुट्टी बाहेर येते, मागची सारखी केली की पुढची वाटी चपटी होते, आणि हा खेळ पुट्टी वाळेपर्यंत चालतो.

घड्या कुठे काढायच्या? वाकलेल्या गुडघ्याच्या मागे कापड दाबलं जातं, तिथून घड्या पंख्यासारख्या दोन्ही बाजूंना पुढे येतात आणि वाटीजवळ विरून जातात. वाटीवर कापड ताणलेलं, म्हणजे गुळगुळीत. तीन-चार घड्या पुरतात, आणि त्या सारख्या अंतरावर नकोत. मळल्यानंतर अर्धा तास थांबून हत्यार चालवा, पुट्टीचा चिकटपणा ओसरतो आणि कडा टोकदार येतात. हत्यार पाण्याने किंवा व्हॅसलीनच्या अगदी पुसट हाताने ओलं ठेवा. व्हॅसलीन वापरलंत तर रंगाआधी मॉडेल साबणाच्या पाण्याने धुवा.

पुट्टी निघून येते त्याची कारणं दोन: खालचं प्लास्टिक गुळगुळीत होतं, किंवा पुट्टी बसवण्याआधीच तिथे पाणी गेलं. म्हणून जागा पात्याने ओरखडून घ्या आणि पाणी फक्त वरच्या पृष्ठावर वापरा. न वाळलेली इपॉक्सी पुट्टी काहींच्या त्वचेला सोसत नाही. हातमोजे घाला, किंवा निदान काम झाल्याबरोबर हात धुवा.

दोन हातांची बंदूक

पायांपेक्षा जास्त मॉडेल इथे बिघडतात. बंदूक, दोन मनगटं आणि दोन खांदे, एवढं सगळं एकाच वेळी जुळावं लागतं. धड १५ अंश पिळलं, हात जुन्याच जागी लावले, की डावा पंजा बंदुकीपासून ३ मिमी लांब हवेत लटकतो.

क्रम उलटा करा. आधी दोन्ही पंजे बंदुकीवर पक्के करा. डावा हात मनगटाशी, बाहीच्या काठावर कापून पंजा वेगळा काढा आणि बंदुकीला चिकटवा. मग उजवा हात बंदुकीसकट खांद्याला ब्लू टॅकने लावून नेमाची दिशा ठरवा, आणि ती डोक्याच्या नजरेशी जुळवा. बंदूक एकीकडे आणि डोळे दुसरीकडे हेही चालतं, पण ते ठरवून केलेलं असावं. शेवटी उरतो डावा हात, खांद्यापासून पंजापर्यंतचा पूल. मूळ हात पुरत नसेल तर कोपरात कापून दोन तुकडे ०.८च्या तारेवर ओवा, तार खांद्यात आणि मनगटात खोचा, आणि मधली जागा बाहीच्या घड्यांनी भरा. तारेची एकूण लांबी उजव्या हाताएवढीच आहे ना, हे मोजून बघा. लांब-आखूड हात पुट्टीखाली लपत नाहीत.

बंदूक खांद्याला टेकत नसेल तर खांद्याचं चिलखत काढून पुढची कड १ मिमी तासा. तेवढ्याने दस्ता आत बसतो.

जोड सुटला, डाग पडला

सुपरग्लू जास्त लावला की जास्त धरेल, हा समज मोडा. तो हवेतल्या ओलाव्याने कडक होतो आणि पातळ थरातच ताकद देतो. जाड थेंब बाहेरून कडक आणि आतून ओला राहतो. ओढ तो बऱ्यापैकी सोसतो, आडवा फटका नाही, म्हणून रेझिन आणि धातूच्या प्रत्येक भारी जोडात पीन हवीच. बंद डब्यात वाळवायला ठेवलं तर जोडाभोवती पांढुरकी साय धरते. खिडकी उघडी ठेवा, सिमेंटच्या वासासाठीही ते हवंच. भेगेत सुपरग्लू घालून वर खाण्याचा सोडा भुरभुरला की तो क्षणात दगड होतो. घाईच्या वेळी चांगला उपाय, पण तो प्लास्टिकपेक्षा कडक असतो, घासताना आजूबाजूचं प्लास्टिक आधी झिजतं.

सिमेंट ओघळून तपशील पुसट झाला तर हात लावू नका, पुसू नका. उडून जाऊ द्या. बोटाने पुसलं की तिथे बोटाचा ठसा कायमचा उमटतो. दुसऱ्या दिवशी १०००च्या पेपरने हलकेच घासा.

पुश-फिट, म्हणजे गोंदाशिवाय दाबून बसवायच्या, किटमध्ये खुंटी आणि भोक एकाच कोनात बसतील असेच बनवलेले असतात, आणि तुकडे बरेचदा झग्याच्या घडीतून विभागलेले असतात. अशा किटला पिळायचं तर आधी खुंट्या निपरने सपाट उडवा. झगा मध्ये येत असेल तर मॉडेल बदला, तिथे झगडण्यात अर्थ नाही. सरावासाठी हात, डोकी, पाय सुटे असलेली किट शोधा.

खेळासाठी मॉडेल वापरणार असाल तर बेसचं माप बदलू नका. आणि ज्या खेळांत दृष्टिरेषा प्रत्यक्ष मॉडेलच्या उंचीवरून बघतात, तिथे उभ्या सैनिकाला गुडघ्यावर बसवणं म्हणजे त्याला आडोशामागे लपवून फायदा घेणं, असा आक्षेप येऊ शकतो. स्पर्धेला नेण्याआधी आयोजकांना फोटो दाखवून विचारा. हातात कोणतं शस्त्र आहे हे लांबून ओळखू येईल असं ठेवा.

रंगाआधी करड्या प्रायमरचा एक पातळ हात द्या. हिरवी पुट्टी, करडं प्लास्टिक आणि पितळी तार वेगवेगळ्या रंगांची असताना डोळा फसतो, एकच रंग आला की खुब्यामागची केसाएवढी फट आणि गुडघ्यावरचा ओरखडा लगेच उठून दिसतात. तिथे लिक्विड पुट्टी ब्रशने भरा, ती आक्रसते म्हणून वाळल्यावर दुसरा हात, मग ६००ने आणि १०००ने घासून त्या जागेपुरता पुन्हा प्रायमर. कापून उरलेले पाय, पंजे, पाऊच फेकू नका, एका डबीत टाका. पुढच्या सैनिकाच्या कुल्ल्यामागची पोकळी झाकायला तीच पाऊच लागणार आहे.